जुनी जीप, नवी वीज : संबद्ध खर्चाचा एक धडा

(बी. कॉम., अंतिम वर्ष)

परिव्यय-लेखांकनाच्या पुस्तकात ‘निर्णयासाठी संबद्ध खर्च’ असे एक प्रकरण असते. सुटा भाग कारखान्यात बनवावा की बाहेरून विकत घ्यावा, जुने यंत्र दुरुस्त करावे की बदलावे, अशी उदाहरणे त्यात दिलेली असतात. आपण ती परीक्षेपुरती सोडवतो, उत्तराखाली दुहेरी रेघ ओढतो आणि पुढच्या प्रकरणाकडे वळतो. उदाहरणातला कारखाना कोणाचा, पैसा कोणाचा, याच्याशी आपले देणेघेणे नसते. परंतु हेच उदाहरण घरात उभे राहिले की त्यातला एकेक आकडा बोलू लागतो. प्रस्तुत लेख अशाच एका उदाहरणाविषयी आहे.

तारिहाळच्या औद्योगिक वसाहतीत माझ्या मामांचे एक लहानसे वर्कशॉप आहे. तेथे १९७८ सालची एक पेट्रोल जीप आहे. तिच्या इंजिनाचे मोठे काम निघाले आहे. बोअर करायचे, पिस्टन-रिंगा बदलायच्या, व्हॉल्व्ह बसवायचे. या निमित्ताने घरात वाद सुरू झाला. डिप्लोमा करणाऱ्या मामेभावाचे म्हणणे असे की, इंजिन दुरुस्त करण्याऐवजी काढूनच टाकावे आणि जीप विजेवर चालवावी. मामांना कल्पना आवडली. मिस्त्रींना मुळीच आवडली नाही. हिशेब मांडण्याचे काम कॉमर्सवाल्याकडे, म्हणजे माझ्याकडे आले. मामांनी वर्कशॉपमध्ये नवे लेथ घेण्यासाठी साठवलेली रक्कम या जीपमध्ये जाणार होती. त्यामुळे हा हिशेब करमणुकीचा नव्हता.

जीपची कुळकथा

१९४० साली अमेरिकन सैन्याला टेहळणीसाठी हलकी, चारही चाकांना जोर मिळणारी गाडी हवी होती. बँटम या लहान कंपनीसाठी कार्ल प्रॉब्स्ट यांनी तिचा आराखडा केला. पुढे विलीज आणि फोर्ड यांनी मिळून महायुद्ध संपेपर्यंत सहा लाखांहून अधिक जीपगाड्या बनवल्या. गाडी कशी असावी याची सैन्याची कल्पना साधी होती : कोणत्याही वाटेने गेली पाहिजे आणि वाटेत बिघडली तर तिथेच दुरुस्त झाली पाहिजे.

आपल्याकडे ही गाडी महिंद्रांनी आणली. १९४५ साली पोलादाच्या व्यापारासाठी ‘महिंद्र अँड महंमद’ ही कंपनी निघाली. भागीदार गुलाम महंमद फाळणीनंतर पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले आणि १९४८ साली कंपनीचे नाव ‘महिंद्र अँड महिंद्र’ असे झाले. त्याच सुमारास मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू झाली. विलीजने १९५३ साली ‘सीजे ३ बी’ हे मॉडेल काढले. त्यातले नवे इंजिन उंचीला जास्त होते, म्हणून बॉनेटही उंच करावे लागले. हे उंच बॉनेटचे रूप आपल्या देशात इतके रुजले की अमेरिकेत ते १९६८ साली बंद झाल्यावरही आपल्याकडे कितीतरी वर्षे चालू राहिले. सव्वादोन लिटरच्या आसपासचे चार सिलिंडरचे हे इंजिन सुमारे ७५ अश्वशक्ती देते. मामांची जीप याच कुळातली आहे.

बदल पहिल्यांदाच होतो आहे काय?

‘जीपचे इंजिन बदलणे म्हणजे तिचा आत्माच काढणे’ असे अनेकजण म्हणतात. इतिहास तसे सांगत नाही. ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब राष्ट्रांनी तेलाचा पुरवठा रोखला. तीन डॉलरच्या आसपास असलेले कच्च्या तेलाचे पिंप काही महिन्यांत बारा डॉलरच्या घरात गेले. पेट्रोल महाग झाले आणि त्यानंतरच्या काळात आपल्या देशात अनेक पेट्रोल जीपगाड्यांना डिझेल इंजिने बसवण्यात आली. ती ट्रॅक्टरची होती की आणखी कशाची, हे कोणी विचारले नाही. पुढे कारखान्यानेही तोच मार्ग धरला. १९८५ साली आलेल्या ‘एमएम ५४०’ या जीपमध्ये फ्रान्सच्या प्यूजो कंपनीच्या रचनेचे डिझेल इंजिन होते.

तेव्हा इंजिन बदलण्याला परंपरेचा विरोध आहे असे म्हणता येत नाही. मात्र त्या काळी इंजिन बदलणारा मालक बहुधा जीप रोज पळवणारा असे. त्याचा फायदा दर किलोमीटरला होत होता. ही गोष्ट लक्षात ठेवून पुढे जाऊ.

पूर्वपक्ष : जीप विजेवर न्यावी

मामेभावाची बाजू कच्ची नव्हती. विजेची मोटार पहिल्या फेऱ्यापासून पूर्ण पीळ देते. पेट्रोल इंजिनाला जोर येण्यासाठी ते काही वेगाने फिरावे लागते. चिखलात रुतलेली गाडी काढताना म्हणूनच क्लचचा धूर निघतो. मोटारीला ही अडचण नाही. जीपचा गिअरबॉक्स आणि चारही चाकांना जोर वाटणारी पेटी तशीच ठेवता येते. इंजिनाच्या जागी मोटार बसवायची, दोहोंमध्ये जोडाची जाड पट्टी लावायची, आणि इंजिनाच्या व टाकीच्या मोकळ्या झालेल्या जागांत बॅटरी वाटून ठेवायची. इंजिन, रेडिएटर, सायलेन्सर, पेट्रोलची टाकी यांचे वजन उतरते, त्यामुळे दोनशे किलोच्या आसपासची बॅटरी जीपला जड होत नाही. तेल बदलणे नाही, प्लग साफ करणे नाही, कार्ब्युरेटरची कटकट नाही. जीप पुढून पाहिली तर सरळ उभी भिंत असल्याने वेगात वीज जास्त खाते हे खरे. पण मामांची जीप ताशी पन्नासच्या पुढे जातेच कुठे?

उत्तरपक्ष : जीप आहे तशी राहू द्यावी

मिस्त्रींची भाषा कन्नड-मराठी-दख्खनी अशी मिश्र, हुबळीची. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे : “इंजिन म्हातारं झालंय री, मेलं नाही. ओतीव लोखंडाचा ब्लॉक आहे. बोअर केलं की आणखी पंधरा वर्षं बघायला नको. तुमच्या मोटारीचा कंट्रोलर कलघटगीच्या शेतात बंद पडला तर कुणाला बोलावणार?”

या बोलण्यात त्यांच्या रोजगाराची काळजी आहे असे कोणी म्हणेल. असेलही, त्यात गैर काय? पण मुद्दा त्यापलीकडचा आहे. या जीपचे मोल तिच्या वेगात किंवा आरामात कधीच नव्हते. पाना-स्क्रूड्रायव्हर घेऊन कोणत्याही गावचा मिस्त्री ती चालू करू शकतो, हे तिचे मोल. विजेची जीप चिखलातून वर येईल, पण तिच्यातला दोष शोधायला संगणक लागेल. दुरुस्तीचे ज्ञान जवळ असणे हीसुद्धा एक मालमत्ता आहे. ती ताळेबंदात दिसत नाही, एवढेच.

हिशेब

आता दोन्ही पक्ष बाजूला ठेवून आकडे मांडू. खालचे आकडे आमच्या उदाहरणासाठी गृहीत धरलेले आहेत. वाचकांनी आपल्या गावचे भाव घालून हिशेब पुन्हा करावा; पद्धत तीच राहील.

जीप एका लिटरला ८ किलोमीटर जाते. पेट्रोल १०३ रुपये लिटर धरले तर किलोमीटरला साधारण १२ रुपये ९० पैसे पडतात. विजेवर नेल्यास चार्जिंगमधली गळती धरून किलोमीटरला ०.३ युनिट लागेल असे समजू. ८ रुपये युनिट दराने २ रुपये ४० पैसे होतात. म्हणजे किलोमीटरमागे बचत १० रुपये ५० पैसे. आकडा ऐकून मामेभावाने टाळीच वाजवली.

आता भांडवली खर्च. २४ युनिट साठवणारी बॅटरी, मोटार, कंट्रोलर, चार्जर, वायरिंग आणि मजुरी मिळून ७,००,००० रुपये धरले. यातून उगमाचा प्रश्न विसरता कामा नये : इंजिनाचे काम तर करावेच लागणार आहे, त्याला ८०,००० रुपये लागतील. जीप विजेवर नेली तर हे ८०,००० वाचतात. म्हणून निर्णयाशी संबद्ध असलेला खर्च सात लाख नसून दोन पर्यायांमधील फरक, म्हणजे ६,२०,००० रुपये, हा आहे.

येथे मामांनी एक आकडा पुढे केला. मागच्या वर्षी त्यांनी जीपला नवे टायर आणि रेडिएटर घातले होते, त्याला ४०,००० रुपये गेले. “एवढे घातले, आता मागे कसे हटायचे?” असा त्यांचा प्रश्न. विद्यार्थी मित्रहो, हाच तो बुडीत खर्च. तो झाला तो झाला. जीप विजेवर नेली तरी तो परत येत नाही, न नेली तरी येत नाही. दोन्ही पर्यायांत जो आकडा सारखाच राहतो तो निर्णयातून वगळायचा. पुस्तकातले हे वाक्य सोपे वाटते. स्वतःच्या खिशातून गेलेल्या चाळीस हजारांना लावून पाहा, मग त्याची धार कळते.

६,२०,००० भागिले १०.५० केले की सुमारे ५९,००० किलोमीटर हा समच्छेद बिंदू येतो. आकडा भीतीदायक नाही. रोज धावणारी टॅक्सी एवढे अंतर एका वर्षात तोडू शकते. पण मामांची जीप वर्षाला धावते किती? डायरी काढून पाहिली. कलघटगीच्या शेताच्या फेऱ्या, पावसाळ्यातली काही कामे, खानापूरला सणासुदीचे जाणे, सारे मिळून ४,००० किलोमीटर. म्हणजे खर्च भरून यायला पावणेपंधरा वर्षे.

आणि हा हिशेबही अपुरा आहे, कारण त्यात पैशाला भाडे धरलेले नाही. ६,२०,००० रुपयांवर दहा टक्क्यांनी वर्षाचे व्याज ६२,००० रुपये होते. जीपची वर्षाची इंधनबचत ४२,००० रुपये. देखभालीतले आणखी ८,००० वाचले असे समजले तरी ५०,०००. बचतीतून व्याजदेखील निघत नाही, मग मुद्दल कधी फिटणार? पंधरा वर्षे नव्हे, या वापराने तो खर्च कधीच भरून येत नाही.

उलट दिशेने प्रश्न विचारू : किती धावली तर परवडेल? बॅटरी व सामान दहा वर्षे टिकेल असे धरले तर वर्षाचा घसारा ६२,००० रुपये. मुद्दल दरवर्षी कमी होत जाते, म्हणून व्याज सरासरी निम्म्या रकमेवर, म्हणजे ३१,००० रुपये. बेरीज ९३,०००. त्यातून देखभालीचे ८,००० वजा केले की उरतात ८५,०००. याला १०.५० ने भागल्यास सुमारे ८,१०० किलोमीटर. मामांची जीप याच्या निम्मीही धावत नाही. जीप डिझेलची असती, १२ किलोमीटरचा ॲव्हरेज आणि ९१ रुपयांचा भाव असता, तर बचत किलोमीटरला पाच रुपयांच्या थोडी वर राहिली असती आणि वर्षाला १६,४०० किलोमीटर धावावे लागले असते.

हवेचा हिशेब

मामेभाऊ इतक्यात हार मानणारा नव्हता. त्याने विचारले, पैशापलीकडे काही आहे की नाही? हवा स्वच्छ होण्याची किंमत कोण धरणार? प्रश्न योग्य आहे, आणि त्याचेही उत्तर आकड्यांतच शोधले पाहिजे.

एक लिटर पेट्रोल जळले की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. म्हणजे जीपचा किलोमीटरला सुमारे ०.२९ किलो. वीज स्वच्छ असते असे आपण समजतो, परंतु देशाच्या ग्रीडमधल्या एका युनिटमागे सरासरी ०.७ किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड कोठेतरी कोळशाच्या धुराड्यातून निघतो. ०.३ युनिटाचे ०.२१ किलो झाले. फरक किलोमीटरला ०.०८ किलोहून किंचित कमी, वर्षाला ४,००० किलोमीटरांचे सुमारे ३१० किलो. शिवाय बॅटरी बनवतानाही धूर होतोच. साठवणुकीच्या एका युनिटामागे ७५ किलो धरले तर २४ युनिटांचे १,८०० किलो. ते फिटायला २३,००० किलोमीटर, म्हणजे मामांच्या वापराने सहा वर्षांच्या जवळपास लागतील. जीप डिझेलची असती तर किलोमीटरमागचा फरक जवळजवळ शून्यावर आला असता.

याला एक उतारा आहे. वर्कशॉपच्या पत्र्यावर सौर पट्ट्या बसवून दिवसा चार्जिंग केले तर हेच १,८०० किलो सव्वासहा हजार किलोमीटरांत फिटतात. ग्रीडमध्येही सूर्य आणि वारा यांचा वाटा वाढतो आहे, तेव्हा पुढे हे गणित सुधारेल. गल्लीतला धूर आणि आवाज तर पहिल्याच दिवशी थांबतो, हेही मान्य केले पाहिजे. परंतु थोडी धावणारी गाडी थोडाच धूर करते, हे सत्य उरतेच.

कायद्याची बाजू

आतापर्यंत आपण असे गृहीत धरले की मामांच्या मनात आले तर जीप विजेवर नेता येईल. येथे कायदा आडवा येतो.

मोटार वाहन कायदा, १९८८ याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणी पुस्तकातील तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाला स्वतःहून करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये केरळच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हे कलम कडकपणे वाचले; कारखान्याने दिलेल्या मूळ रचनेपासून दूर नेणारे बदल चालणार नाहीत, असा निकाल दिला. विजेच्या संचासाठी मात्र २०१६ साली केंद्रीय मोटार वाहन नियमांत वाट करून दिली आहे. त्यासाठी संच ‘एआयएस १२३’ या मानकाप्रमाणे तपासून मान्य झालेला असावा लागतो. पुण्याची एआरएआय ही अशी तपासणी करणाऱ्या संस्थांपैकी एक. संच मान्यताप्राप्त ठिकाणीच बसवायचा आणि मग आरटीओकडून नोंदणी पुस्तकात इंधनाची नोंद बदलून घ्यायची. आपल्याच वर्कशॉपमध्ये, आपल्याच लेथवर जोडपट्टी कापून हे काम उरकण्याचा मामेभावाचा बेत येथेच संपतो.

त्याहून मोठी अट पुढे आहे. पूर्णपणे विजेवर नेण्याची ही सवलत १ जानेवारी १९९० रोजी किंवा त्यानंतर बनलेल्या वाहनांसाठी आहे. आमची जीप १९७८ सालची.

दुसऱ्या बाजूला जुन्या वाहनांचा मान राखणारा नियमही आहे. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने ५० वर्षांहून जुन्या खासगी दुचाकी व मोटारींसाठी ‘व्हिंटेज’ नोंदणीची तरतूद केली. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये आणि मुदत दहा वर्षे. मात्र तिच्या साच्यात, सांगाड्यात किंवा इंजिनात मोठा बदल झालेला नसावा, आणि अशी गाडी प्रदर्शन, रॅली, देखभाल अशा कारणांखेरीज रोजच्या रस्त्यावर आणायची नाही. मामांच्या जीपला २०२८ साली पन्नास वर्षे होतील. म्हणजे विजेच्या संचासाठी ती फार जुनी आणि व्हिंटेज म्हणवून घ्यायला अजून थोडी तरुण आहे. आज इंजिन काढले तर उद्याचा तो दरवाजाही बंद होईल.

बाहेरच्या जगात

हा वाद काही तारिहाळपुरता नाही. मे २०१८ मध्ये ब्रिटनचे राजपुत्र हॅरी विवाहानंतर ज्या जुन्या जग्वार ई-टाइप मोटारीतून निघाले ती विजेवर चालवलेली होती. जुन्या लँड रोव्हर गाड्या विजेवर नेण्याचा धंदाही तेथे चालतो. परंतु जुन्या वाहनांच्या संघटनांच्या ‘फिवा’ या जागतिक महासंघाने २०१९ साली आपली भूमिका स्पष्ट केली : इंजिन बदललेली गाडी ऐतिहासिक वाहन राहत नाही, तरीही कोणी बदल करणारच असेल तर तो पूर्ववत करता येईल असा असावा आणि मूळ भाग जपून ठेवावेत. श्रीमंत शौकिनांसाठी हा सल्ला ठीक. आपल्याला त्यातून एक गोष्ट घेता येते : ज्या निर्णयातून मागे फिरता येत नाही, तो घेताना अधिक थांबावे.

विजेचा खरा मोठा प्रयोग आपल्याला मोटारीत शोधायला नको. तो आपल्या रुळांवर आहे. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी मुंबईत व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला अशी विजेची पहिली गाडी धावली. आपल्या हुबळीकडे ही वीज उशिरा पोहोचली. होसपेट-हुबळी-तिनईघाट मार्गाचे विद्युतीकरण मार्च २०२३ मध्ये राष्ट्राला अर्पण झाले. रेल्वेने आधी मुंबईचाच मार्ग का निवडला? तेथे गाड्या सर्वांत दाट धावत होत्या हे एक कारण. तारा आणि खांब यांचा खर्च प्रचंड असतो, तो जास्तीत जास्त फेऱ्यांवर वाटला गेला पाहिजे. आणि वाफेच्या जुन्या इंजिनांचे काय केले? त्यांच्या पोटात मोटारी बसवत कोणी बसले नाही. विजेची नवी इंजिने आणली. जुन्यांतली काही संग्रहालयांत मानाने उभी राहिली.

निर्णय

रेल्वेचा हा नियम वर्कशॉपला लावून पाहिला. आमच्याकडे सर्वांत जास्त काय धावते? जीप नव्हे. वर्कशॉपचा तयार माल ट्रान्सपोर्टवर पोहोचवणारी डिझेलची तीनचाकी. ती दिवसाला ५० किलोमीटर आणि वर्षाचे ३०० दिवस, म्हणजे १५,००० किलोमीटर धावते. ती पुरती थकलेली आहे आणि या वर्षी बदलायचीच होती. तिच्याकडे मात्र वादाच्या भरात कोणाचे लक्ष गेले नव्हते.

तिचा हिशेब असा. नवी डिझेल तीनचाकी तीन लाख, विजेची चार लाख असे धरू. गाडी घ्यायचीच असल्याने संबद्ध खर्च फक्त फरकाचा, १,००,००० रुपये. डिझेलवर २५ किलोमीटरच्या ॲव्हरेजने किलोमीटरला ३ रुपये ६४ पैसे, विजेवर ०.१ युनिटाचे ८० पैसे. बचत २ रुपये ८४ पैसे. जीपच्या साडेदहा रुपयांपुढे ही बचत किरकोळ दिसते. पण फरकाचा खर्च सुमारे ३५,००० किलोमीटरांत, म्हणजे दोन वर्षे चार महिन्यांत भरून येतो. वर्षाची बचत ४२,६०० रुपये. जीपच्या इंधनबचतीपेक्षा किंचित जास्तच. हवेतही वर्षाला साडेपाचशे किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड कमी जातो, जीपच्या ३१० किलोंच्या तुलनेत. सहा लाखांहून अधिक रुपये गुंतवून जे साधत नव्हते, त्याहून जास्त एक लाखात साधते.

असे ठरले : जीपच्या इंजिनाचे काम मिस्त्रींनीच करायचे, तीनचाकी विजेची घ्यायची, आणि उरलेल्या पैशांतून लेथ. मामेभावाला विजेचे वाहन मिळाले. त्याच्या चार्जिंगची जागा आणि पत्र्यावरच्या सौर पट्ट्यांचा आराखडा आता त्याच्याकडे आहे. मिस्त्रींनी एक अट घातली : इंजिन उतरवताना त्याने मदतीला उभे राहायचे आणि एकदा स्वतःच्या हाताने व्हॉल्व्ह बसवायचा. त्याने ती मान्य केली आहे.

या साऱ्यातून विजेची वाहने वाईट असा निष्कर्ष कोणी काढू नये. १९९० नंतरची, रोज ठरावीक मार्गाने पन्नास-साठ किलोमीटर धावणारी जीप कोणाकडे असेल, तर तिचे उत्तर वेगळे येईल आणि तेही तितकेच बरोबर असेल. आपण निष्कर्ष पाठ करायचा नसतो, रीत शिकायची असते. प्रश्न तीन आहेत. गाडी वर्षाला किती धावते? दोन पर्यायांमधला फरक नेमका किती रुपयांचा? आणि हाच पैसा, हीच हौस, दुसरीकडे कोठे लावली तर अधिक उपयोगी पडेल? तिसरा प्रश्न बहुधा कोणी विचारत नाही, कारण वाद ज्या वस्तूवर सुरू झाला त्याच वस्तूवर सगळ्यांचे डोळे खिळलेले असतात. अर्थशास्त्रात त्याला संधी-परिव्यय म्हणतात. मराठी शाळेत शिकताना मला हा शब्द अवघड वाटे. आपल्या घरातली, आपल्या शेजारची एखादी थकलेली गाडी, पंप किंवा गिरणी घेऊन वाचकांनी हा हिशेब एकदा मांडून पाहावा, म्हणजे तो अवघड राहणार नाही.